लिव्हर रायफलला जाड काडतूस: नळी रुंद केली की काम झालं?

अमेरिकेत लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल बाळगणाऱ्यांमध्ये एक हौस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रायफल .357 मॅग्नमची असेल तर ती .44 मॅग्नमची करायची. .44ची असेल तर .45 कोल्टची, किंवा त्याहून जाड .480 रूगरची. ही सगळी मुळात रिव्हॉल्व्हरची काडतुसं. वरवर पाहता काम सोपं वाटतं: नळीचं भोक वाढवायचं, काडतूस बसतं ती जागा, म्हणजे चेंबर, वाढवायची, आणि संपलं.

प्रत्यक्षात भोक वाढवणं हा या कामातला सर्वांत सरळ भाग. त्याची यंत्रं ठरलेली, मापं छापलेली, आणि ते करणारे कसबी कारागीरही आहेत. वेळ आणि डोकं खातं ते पुढचं. रायफल म्हणजे नुसती नळी नव्हे. एका ठरावीक जाडीचं, ठरावीक लांबीचं काडतूस उचलायचं, सरळ धरायचं, आत ढकलायचं, स्फोटाच्या क्षणी मागून घट्ट दाबून धरायचं आणि मग रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकायची, यासाठी जुळवलेलं ते यंत्र आहे. काडतूस बदललं की या प्रत्येक पायरीला नव्यानं तपासावं लागतं.

आधी हे नातं कसं जुळलं ते पाहू. लिव्हर म्हणजे चापाभोवतीची ती कडी. बोटं घालून ती खाली ढकलली की चेंबर मागून बंद करणारा बोल्ट सरकतो, रिकामी पुंगळी उडते. वर ओढली की नळीखाली काडतुसं साठवणाऱ्या लांब मॅगझिनमधून आलेलं काडतूस चेंबरमध्ये जातं. 1860 च्या हेन्री रायफलनं ही पद्धत वापरात आणली, विंचेस्टर कंपनीच्या 1866 आणि 1873 च्या मॉडेलांनी ती घराघरांत पोचवली. 1873 च्या मॉडेलबरोबर .44-40 हे काडतूस आलं आणि 1878 मध्ये कोल्ट कंपनीनं आपलं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बनवून विकायला काढलं. कमरेच्या पट्ट्यात एकच काडतूस, ते रिव्हॉल्व्हरलाही चालतं आणि रायफललाही. दूरच्या मुलुखात राहणाऱ्याला ही सोय किती मोठी वाटली असेल, हे सांगायला नको.

1873 च्या रायफलची रचना मात्र नाजूक होती. तिच्यात बोल्टला मागून आधार देतात ते सांध्यासारखे दुमडणारे दोन दुवे. काळ्या दारूच्या दाबाला ते पुरेसे होते, त्यापलीकडे नाही. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग यानं विंचेस्टरच्या 1886 च्या मॉडेलसाठी वेगळी युक्ती काढली: बोल्टच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन उभ्या खुंट्या, ज्या लिव्हर बंद होताना वर येऊन बोल्ट आणि रिसीव्हर (रायफलचा मधला सांगाडा, ज्यात हे सगळं बसतं) यांना एकमेकांत अडकवतात. हीच रचना लहान आकारात 1892 च्या मॉडेलमध्ये आली. मार्लिन कंपनीचं 1894 चं मॉडेल वेगळ्या पद्धतीनं बंद होतं, पण कामाला तेही तसंच दणकट. आजही रूपांतराचा विषय निघाला की बहुतेकदा या दोन रायफलींपैकी एक, किंवा त्यांची नवी आवृत्ती, समोर असते.

1935 मध्ये .357 मॅग्नम आलं, 1950 च्या दशकाच्या मध्यावर .44 मॅग्नम. त्यांच्यासाठी लिव्हर रायफल मात्र सुरुवातीला कुणी बनवत नव्हतं. मग लोकांनी जुन्या 1892 च्या रायफली गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडे, नेल्या. त्या काळी त्या स्वस्तात मिळत आणि .25-20, .32-20 ही जुनी बारीक काडतुसं मागे पडली होती. आज संग्राहक त्या बदललेल्या रायफली पाहून हळहळतात, कारण मूळ स्थितीतल्या 1892 ला आता वेगळाच भाव आहे. पण या रूपांतराच्या विद्येचा बराचसा भाग त्या रायफलींवरच शिकला गेला.

आता मापं. काडतुसाच्या नावातला आकडा इंचाचा अंश असतो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. .44 मॅग्नमच्या गोळीचा व्यास साधारण 10.9 मिलिमीटर, म्हणजे इंचात .43 च्या जवळ; .480 रूगरची गोळी प्रत्यक्षात .475 इंचाची. शिवाय गोळीचा व्यास हे तीन मापांपैकी एकच माप. दुसरं पुंगळीच्या अंगाचं आणि तिसरं तिच्या बुडाशी असलेल्या काठाचं, म्हणजे रिमचं. .357 ची गोळी 9.1 मिलिमीटर, अंग 9.6, रिम 11.2. .44 मॅग्नमला हेच आकडे 10.9, 11.6 आणि 13.1 होतात. .45 कोल्टला 11.5, 12.2 आणि 13.0. .480 रूगरला 12.1, 12.8 आणि 13.7.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहिलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. .44 मॅग्नम आणि .45 कोल्ट यांच्या रिममध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त फरक नाही. बोल्टच्या तोंडावर रिम टेकते ती बैठक जवळपास तशीच चालते. म्हणूनच .44 ची मार्लिन .45 कोल्टची करणं हे या प्रांतातलं त्यातल्या त्यात समजूतदार रूपांतर मानलं जातं. उलट .357 वरून .44 वर जाताना रिम जवळजवळ दोन मिलिमीटरनं वाढते, आणि त्याबरोबर बोल्टचं तोंड, पुंगळी पकडणारा आकडा, मॅगझिनची नळी, सगळंच नव्यानं करावं लागतं.

जुन्या .44-40 बाबतीत तर अंदाज पार उलटा पडतो. .44 मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूस, तेव्हा .44-40 चं चेंबर थोडं वाढवलं की ते बसेल, असं कुणालाही वाटेल. पण .44-40 ची पुंगळी तोंडाशी निमुळती असली तरी बुडाशी 12 मिलिमीटर जाड असते, मॅग्नमची 11.6. म्हणजे मागच्या बाजूला चेंबर आधीच गरजेपेक्षा मोठं आहे. मोठं झालेलं भोक रीमरनं, म्हणजे भोक रुंद करणाऱ्या हत्यारानं, लहान होत नाही. मॅग्नमच्या दाबाखाली पितळेची पुंगळी बुडाशी आधार नसलेल्या जागेत फुगणार, आणि जिथे पितळ फाटण्याची भीती सर्वांत जास्त तिथेच ते ताणलं जाणार. अशा रायफलला नवी नळी हवी, किंवा जुन्या नळीचा मागचा भाग कापून ती पुढे बसवून नवं चेंबर काढायला हवं. .32-20 ची गोष्ट सोपी आहे: बुडाशी फक्त 9 मिलिमीटर. .357 चं चेंबर तिला पूर्ण गिळून टाकतं आणि जुन्याचा मागमूसही उरत नाही. त्या काळी बारीक काडतुसांच्या रायफलीच .357 साठी आवडत्या का होत्या, याचं हे यांत्रिक कारण.

मापं जुळली तरी खरा प्रश्न जोराचा, आणि इथे बहुतेकांची एक ठरावीक गल्लत होते. ते फक्त दाब पाहतात. अमेरिकेतल्या शस्त्र-दारूगोळा उद्योगाची मानकं ठरवणारी सामी ही संस्था प्रत्येक काडतुसासाठी कमाल दाब ठरवते. .357 मॅग्नमसाठी दर चौरस इंचाला 35,000 पौंड, .44 मॅग्नमसाठी 36,000. दोन्ही जवळपास सारखेच, मग रायफलला काय फरक पडतो?

पडतो, कारण बोल्टला जाणवतो तो दाब नव्हे, धक्का. धक्का म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. हवा भरायचा बारीक पंप आणि जाड पंप दोन्ही एकाच दाबाला नेले तर जाड पंपाचा दांडा खाली रेटायला कितीतरी जास्त जोर लागतो, तसंच हे. पुंगळीच्या बाहेरच्या व्यासावरून ढोबळ हिशेब केला तर .357 चा मागे येणारा धक्का साधारण 1,800 किलो वजनाइतका भरतो आणि .44 मॅग्नमचा 2,700 च्या आसपास. दाब तोच, धक्का दीडपट. (खरा आकडा याहून कमी असतो, कारण पुंगळी आतून थोडी बारीक असते आणि स्फोटाच्या वेळी चेंबरच्या भिंतीला चिकटून काही भार स्वतःवर घेते. पण तुलनेसाठी हा हिशेब पुरे. चेंबरला तेल लागलेलं असेल तर हे चिकटणं कमी होतं आणि बोल्टवरचा भार वाढतो, हेही जाताजाता लक्षात ठेवावं.)

.45 कोल्टचा नेहमीचा कमाल दाब फक्त 14,000 आहे. त्याचा धक्का 1,150 किलोच्या घरात, म्हणजे .357 पेक्षाही कमी. गोळी जाड, पण रायफलला त्रास कमी. .480 रूगरचा दाब 48,000, धक्का साधारण 4,350 किलो. आणि .454 कॅसुल, ज्याची पुंगळी .45 कोल्टइतकीच जाड आहे, त्याचा दाब 65,000. धक्का पाच हजार किलोच्या वर. जाडी एकच असलेल्या दोन काडतुसांत साडेचार पटींहून जास्त अंतर.

याच ठिकाणी सर्वांत धोकादायक मोह आहे. .454 कॅसुलची पुंगळी .45 कोल्टपेक्षा फक्त अडीच मिलिमीटर लांब आहे. ही लांबी मुद्दाम ठेवली आहे, .454 चुकून .45 कोल्टच्या शस्त्रात जाऊ नये म्हणून. .45 कोल्टची रायफल घेऊन रीमरनं तेवढंच अडीच मिलिमीटर चेंबर पुढे वाढवलं तर .454 आत बसतं. रिम तीच, गोळी तीच. ब्राझीलच्या रॉसी कंपनीनं आपलं 92 चं मॉडेल दोन्ही काडतुसांत बनवलेलं असल्यामुळे या मोहाला आणखी बळ मिळतं: बाहेरून तर दोन्ही सारख्याच दिसतात ना? पण दिसण्यावरून पोलाद कळत नाही, त्याला दिलेली उष्णता कळत नाही, आणि कारखान्यानं कोणता नग कोणत्या दाबासाठी तपासून बाहेर सोडला तेही कळत नाही. काम दहा मिनिटांचं आहे, हेच इथे वाईट आहे.

मागे येणारा धक्का झेलतात त्या बोल्ट अडकवणाऱ्या खुंट्या. 1892 मध्ये आणि मार्लिनमध्येही हे अडकणं बोल्टच्या मागच्या टोकाला होतं. त्यामुळे गोळी सुटताना बोल्ट क्षणभर किंचित दबतो आणि रिसीव्हर किंचित ताणला जातो. लवचिक मर्यादेत असेल तोवर दोन्ही पूर्ववत होतात. मर्यादा ओलांडली की रायफल लगेच फुटतेच असं नाही, आणि फसगत होते ती याच कारणानं. पहिली काही काडतुसं व्यवस्थित उडतात. खुंट्यांच्या टेकणाऱ्या कडा हळूहळू चेपतात, बोल्ट आणि नळी यांतलं अंतर केसाकेसानं वाढतं, पुंगळ्यांच्या बुडाच्या वर चकचकीत रेघ दिसू लागते. पितळ तिथे ताणून पातळ होत असतं. मालक म्हणतो, इतके दिवस तर काही झालं नाही.

पोलादाचं वयही पाहायला हवं. 1890 च्या दशकातलं पोलाद काळ्या दारूच्या दाबासाठी निवडलेलं होतं. त्या रायफलीवर 36,000 चा दाब घालणाऱ्यांपैकी अनेकांचं निभावलं, हे खरं. त्यामागे ब्राउनिंगच्या रचनेत मुळात ठेवलेली शिल्लक ताकद आहे. प्रत्येक जुन्या नगाची हमी त्यातून मिळत नाही.

दाबाची दुसरी दिशा बाहेरच्या बाजूला. चेंबरभोवतीची भिंत फुटू नये इतकी जाड हवी. नळीचा मागचा भाग आट्यांनी रिसीव्हरमध्ये घट्ट बसवलेला असतो. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास बदलता येत नाही, कारण समोर रिसीव्हरचं भोक ठरलेलं आहे. चेंबर जितकं रुंद, तितकी भिंत पातळ, आणि सर्वांत पातळ जागा आट्यांच्या खाचेच्या तळाशी. .45 कोल्ट कमी दाबाचं असलं तरी त्याचं चेंबर .44 पेक्षा रुंद असतं, म्हणून .44 मधून .45 केलेल्या रायफलीत हातानं भरलेली जबरी .45 ची काडतुसं घालताना विचार करावा लागतो. गनस्मिथ रायफल देताना बजावतो, मालक लक्षात ठेवतो. दहा वर्षांनी रायफल दुसऱ्याच्या हाती जाते आणि त्याला हे कोण सांगणार? नळीवरचा जुना आकडा खोडून नवा कोरणं हे कामातलं बारीकसं कलम वाटतं, पण ते टाळणाऱ्या कारागिराकडे रायफल न्यायला मी तरी धजावणार नाही.

नळीचं म्हणाल तर दोन वाटा. एक, नवी नळी. दुसरी, जुन्याच नळीतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, पूर्ण काढून भोक वाढवायचं आणि नवे पीळ कोरायचे. दुसऱ्या वाटेचा फायदा असा की बाहेरून रायफल आहे तशीच राहते: जुना रंग, जुनी अक्षरं, मॅगझिनच्या बैठका सगळं जागेवर. जुन्या रायफलींमध्ये अनेकदा आतला भाग गंजून मेलेला असतो. जुने प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या काडतुसाच्या बुडातल्या टोप्या, उडाल्यावर क्षार मागे सोडत, ते हवेतला ओलावा ओढून घेत, आणि वेळेवर साफ न केलेली नळी आतून खाल्ली जाई. यंत्र ठणठणीत पण नळी गेलेली, अशा रायफलला भोक वाढवून नवं आयुष्य देणं हे मला रूपांतराचं सर्वांत पटणारं कारण वाटतं. नळीच्या आत पोलादाची बारीक नळी बसवून तिला नवं करायचीही पद्धत आहे, पण तिनं भोक मोठं करता येत नाही, त्यामुळे इथे उपयोग नाही.

भोक वाढवताना बाहेर कापलेल्या खाचा विसरून चालत नाहीत. दृष्टिलक्ष्य, म्हणजे नेम धरायची पट्टी, आणि मॅगझिन धरून ठेवणारी कडी यांच्यासाठी नळीवर आडव्या खाचा असतात. .357 वरून .44 ला गेलं की दोन्ही बाजूंनी मिळून 1.8 मिलिमीटर धातू जातो. खाचेखाली मुळातच कमी असलेला धातू आणखी कमी होतो. जुन्या अष्टकोनी जाड नळ्यांना हे सहज झेपतं, हलक्या कार्बाइनच्या, म्हणजे आखूड रायफलच्या, नळीला नाही.

नवे पीळ कोरायचे म्हणजे पीळ किती घट्ट ठेवायचा हेही हातात येतं. मार्लिनच्या .44 मॅग्नम रायफलींना बराच काळ 38 इंचांत एक फेरा इतका सैल पीळ होता, तर स्मिथ अँड वेसनच्या .44 रिव्हॉल्व्हरला 20 इंचांत एक फेरा. लांब, जड गोळीला स्थिर राहायला वेगानं फिरावं लागतं. सैल पिळातून ती डगमगत निघते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. जड गोळ्या वापरायच्या म्हणून जाड काडतुसाकडे जाणाऱ्यानं या आकड्याची चौकशी आधी करावी.

आता तो भाग, ज्यात गनस्मिथचे खरे तास जातात. काडतूस मॅगझिनमधून चेंबरपर्यंत पोचवणं.

नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. लिव्हर उघडली की एकच काडतूस मागे येऊन कॅरिअरवर, म्हणजे त्याला वर उचलणाऱ्या पाळण्यावर, यायला हवं. दुसरं तिथेच अडवलं जायला हवं. मग कॅरिअर त्याला तिरकं वर उचलतो, बोल्ट मागून रिमला ढकलतो, नाक चेंबरच्या तोंडात शिरतं आणि तिरकं काडतूस सरळ होत आत जातं. हे सगळं मनगटाच्या एका हालचालीत.

लांबीची अडचण सहसा येत नाही. .357, .44 मॅग्नम आणि .45 कोल्ट यांची पूर्ण लांबी 40 ते 41 मिलिमीटरच्या आत आहे. मॅगझिनमध्ये मावणारी संख्याही त्यामुळे जवळपास तीच राहते. .454 मात्र 45 मिलिमीटरच्या आसपास जातं आणि तिथे आख्खी घडी विस्कटते.

जाडीचं तसं नाही. 1892 मध्ये काडतुसाच्या दोन्ही बाजूंना मार्गदर्शक पट्ट्या असतात. त्यांच्या मधलं अंतर एका ठरावीक काडतुसासाठी घासलेलं असतं. काडतूस जाड झालं की ते पट्ट्यांत अडकतं. पट्ट्या गरजेपेक्षा जास्त घासल्या की ते सैल पडून एका बाजूला कलतं आणि नाक चेंबरच्या कडेवर आदळतं. घासलेलं पोलाद परत येत नाही, म्हणून कारागीर चार घासे मारतो, रायफल जुळवतो, नकली काडतूस चालवून पाहतो, पुन्हा उघडतो. मार्लिनमध्ये पट्ट्यांऐवजी कॅरिअरचा आकार आणि त्याच्या उचलण्याची वेळ महत्त्वाची. वेळ जरा चुकली की दुसरं काडतूस कॅरिअरखाली घसरतं आणि लिव्हर ना उघडते ना मिटते. न बदललेल्या, कारखान्यातून आलेल्या मार्लिनमध्येही झिजेनं हे होतं, तेव्हा बदललेल्यात काय होईल ते ओघानं आलंच.

.480 सारख्या काडतुसाची 13.7 मिलिमीटरची रिम आणखी जागा मागते: काडतूस भरायचं बाजूचं दार, मॅगझिनचं आतलं भोक, रिसीव्हरच्या आतल्या कडा. प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा धातू काढावा लागतो. हे केलेल्या रायफली आहेत आणि छान चालतातही. फक्त त्या एका माणसानं, एकेका रायफलीवर, हातानं जुळवलेल्या असतात.

गोळीच्या नाकाचा आकार हाही इथलाच विषय. नळीसारख्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं, आणि बुडाच्या मध्यावर प्रायमर असतो. टोकदार नाकानं धक्क्यासरशी प्रायमर पेटू शकतो, म्हणून लिव्हर रायफलीत सपाट नाकाच्या गोळ्या वापरतात, किंवा अलीकडे हॉर्नेडी कंपनीनं आणलेल्या मऊ टोकाच्या. पण नाक फार रुंद आणि सपाट असलं तर तेच चेंबरच्या कडेवर अडतं. रिव्हॉल्व्हरला ही चिंता नसते, तिथे काडतूस हातानं भोकात ठेवायचं असतं. त्यामुळे रिव्हॉल्व्हरमध्ये आवडलेली गोळी बदललेल्या रायफलमध्ये शिरेलच असं समजू नये. रायफल कोणत्या गोळीसाठी जुळवायची, ते कारागिराला काम सुरू होण्याआधी सांगायचं असतं.

बाहेर काढण्याची बाजूही आहे. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामी पुंगळी पुढून दांडीनं ढकलून काढत, रिमला पकडण्याची गरजच नव्हती. रायफलमध्ये एक आकडा रिमला धरून मागे ओढतो. .45 कोल्टच्या अंगाबाहेर रिम कडेला जेमतेम 0.4 मिलिमीटर डोकावते. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरनं .45 कोल्टची लिव्हर रायफल काढली नाही, त्याचं हेच कारण सहसा सांगितलं जातं. आजच्या पुंगळ्यांना रिमच्या वर खाच असते, आकड्याला पकड मिळते. तरी रूपांतरात आकड्याचं टोक नव्यानं घासून बसवणं टळत नाही.

सगळं जुळल्यावर शेवटी हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यात रिमसाठी ठेवलेली जागा. रिम साधारण दीड मिलिमीटर जाड. ही जागा दोन मोजपट्ट्यांनी तपासतात: एकीवर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसरीवर मिटता कामा नये. नळी नवी असो की जुनी, ही तपासणी झाल्याशिवाय खरं काडतूस आत जात नाही.

कायद्याची बाजू अमेरिकेत तुलनेनं सुटसुटीत आहे. स्वतःच्या रायफलीचं काडतूस बदलायला केंद्रीय कायदा सहसा आड येत नाही, पण दुसऱ्यांसाठी हे काम धंदा म्हणून करणाऱ्याला केंद्रीय परवाना लागतो. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार रायफलची नळी 16 इंचांहून आखूड झाली की ती वेगळ्या, कडक वर्गात जाते. अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकाच्या शस्त्रांसाठीही वेगळा वर्ग आहे, म्हणून जाडीची शर्यत .50 वर येऊन थांबते. राज्यांचे नियम आणखी वेगळे असू शकतात. अमेरिकेत सरकारी चाचणी-घर नाही. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाउसेस आहेत, आणि तिथे असा बदल केलेली रायफल विकायची तर आधी ती जादा दाबाच्या काडतुसानं पुन्हा तपासून शिक्का मारून घ्यावी लागते. मला ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

एवढा खटाटोप लोक करतात कशासाठी? एक कारण शिकारीच्या नियमांत आहे. ओहायोसारख्या राज्यांत हरणाच्या शिकारीला नेहमीची निमुळत्या पुंगळीची रायफल चालत नाही, सरळ पुंगळीची चालते. ओहायोनं हे 2014 पासून मोकळं केलं. वरची .357, .44 मॅग्नम, .45 कोल्ट ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं सरळ पुंगळीचीच. दुसरं, लांब नळीत दारूला जळायला वेळ मिळतो. .44 मॅग्नमची 240 ग्रेन वजनाची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण 400 मीटरनं जाते, रायफलमधून 535 च्या आसपास. हाच हिशेब .357 लाही लागू आहे: 158 ग्रेनची गोळी रायफलमधून साडेपाचशेच्या पुढे जाते. .357 ची रायफल बदलायला निघालेल्यानं आधी तिचा हा आकडा पाहावा. मुळातली गरजच कदाचित उरणार नाही. उरलीच, तर .44 ची रायफल कारखान्यातून तयार मिळते, आणि बोल्ट, कॅरिअर, मॅगझिन, नळी बदलण्याचा एकत्र खर्च धरला तर दुसरी रायफल घेणं बहुधा स्वस्त पडतं.

.500 स्मिथ अँड वेसनसारख्या काडतुसाबाबत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. 2003 मध्ये आलेलं हे काडतूस 1892 च्या किंवा मार्लिनच्या रिसीव्हरला लांबीतही जास्त आणि जोरातही. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बिग हॉर्न आर्मरीनं त्यासाठी लिव्हर रायफल काढली ती जुनी रायफल घासून नव्हे. ब्राउनिंगचं मोठं 1886 आणि लहान 1892 यांच्या मधल्या आकाराचा रिसीव्हर त्यांनी नव्यानं आखला आणि त्याला नाव दिलं मॉडेल 89.